तुला वाट कशाची बघायला आवडेल?

पत्र: ताई, मी कराडला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, आता आम्ही सांगली जिल्ह्यातल्या पुनर्वसनाच्या गावात राहतो. प्रोजेक्टसाठी मी आमच्याच गावच्या नळपाणी योजनेचा अभ्यास केला. ६४ घरं फिरले, कुणाच्या नळाला किती वेळ पाणी येतं ते लिहून घेतलं, येत नसेल तर का, तेही विचारलं. ते काम मला फार आवडलं आणि आता पुढे संशोधनातच जायचं आहे. पण माझा चुलतभाऊ मेकॅनिकलमध्ये पीएचडी करतो, तो म्हणतो, ‘लोकांना विचारून लिहायचं हा सर्व्हे झाला, संशोधन लॅबमध्ये होतं.’ बाबांना एम.टेक. स्ट्रक्चर हवं आहे. मैत्रीण भूगर्भशास्त्राकडे चालली आहे, ती म्हणते तिकडेच ये. विज्ञान, इंजिनिअरिंग, समाजशास्त्र, यातलं खरं संशोधन कुठलं? आणि मी कुठे बसते?
– कोयनाकाठची

ताई म्हणालीस, तेव्हा तुला अगंतुगंच करते.

तुझ्या भावाचं बोलणं मला ओळखीचं आहे, कारण त्याच्या वयाची असताना मीही तेच बोलायचे. मी मुळात सिव्हिलचीच. पीएचडी काँक्रीटवर. चार वर्षं माझं जग म्हणजे १५ सेंटिमीटरचे ठोकळे. साच्यात भरायचे, दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा, पाण्याच्या टाकीत ठेवायचे, सातव्या दिवशी ताकद बघायला तीन फोडायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तीन. एका दिवाळीत कुणीतरी टाकी धुवायला म्हणून रिकामी केली आणि परत भरलीच नाही. मी गावाहून आले तर ठोकळे कोरडे ठणठणीत, अंगावर पांढरी भुकटी. ती सगळी बॅच गेली. पुन्हा वाळू चाळण्यापासून सुरुवात. तेव्हा मला कुणी म्हटलं असतं की खेड्यात जाऊन बायकांशी बोलणं हेही संशोधनच, तर मी हसले असते.

हसू बंद झालं ते पुढे काही वर्षांनी. एका अभ्यासगटाबरोबर पुनर्वसनाच्या एका गावात घरांच्या भिंतींचे तडे बघायला गेले होते. हातात फॉर्म, फॉर्मात रकाने. एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, “आजी, घर कधी बांधलं?” त्या म्हणाल्या, “कुठलं? बुडालं ते, का हे?” माझ्या फॉर्मात घराला एकच रकाना होता. मग त्यांनी वर बोट दाखवलं. तुळया बुडालेल्या घरातल्या होत्या. पाणी चढायच्या आधी माणसांनी घरं उकलून लाकूड बैलगाड्यांतून आणलं होतं. भिंती तेवढ्या इथल्या. म्हणजे ज्या घराचं वय मी एका आकड्यात लिहिणार होते, त्याच्या माथ्याचं वय वेगळं आणि अंगाचं वेगळं. हे कुठल्याही यंत्राने मला सांगितलं नसतं. विचारलं म्हणून कळलं, आणि कळलं ते चक्क इंजिनिअरिंगचं होतं.

आता तुझा प्रश्न. तू कोयनेची, म्हणून दुसरीकडे कुठे जायलाच नको. एका खोऱ्यात किती जातीचं संशोधन झालंय ते बघ.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तुझ्या आजीला विचार, सांगलीकडेसुद्धा भांडी वाजली असतील. ६.३ तीव्रतेचा भूकंप. त्याच्या आधी दख्खनचं पठार म्हणजे न हलणारा दगड असाच समज होता. पण कोयना धरणाच्या जलाशयात, शिवाजीसागरात, पाणी साठायला लागल्यापासून, म्हणजे १९६२ च्या सुमारापासून, खोऱ्यात बारीक धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. भूकंप धरणामुळे झाला का? हा प्रश्न कसा सोडवशील? प्रयोग करता येत नाही. धरण रिकामं करून, पुन्हा भरून, ‘आता बघू’ असं म्हणता येत नाही. ठोकळ्यासारखी दुसरी बॅच नसते.

मग त्या लोकांनी काय केलं, तर नोंदी ठेवल्या. पाण्याची पातळी एका बाजूला, धक्क्यांची संख्या दुसऱ्या बाजूला, वर्षानुवर्षं. पावसाळ्यात धरण भरलं की काही काळाने धक्के वाढतात, हे त्या कागदांवर दिसायला लागलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं यात मोठं काम. मग जगात आणखी कुठे असं झालंय का ते पाहिलं गेलं. चीनमधलं शिनफेंगजियांग १९६२, आफ्रिकेतलं करिबा १९६३, ग्रीसमधलं क्रेमास्ता १९६६, आणि मग आपली कोयना. प्रत्येक ठिकाणी मोठा जलाशय, प्रत्येक ठिकाणी ६ च्या वरचा भूकंप. आणि त्याच वेळी हेही, की जगातल्या बहुतेक मोठ्या धरणांखाली असलं काहीच होत नाही. त्यामुळे ‘पाण्याच्या वजनाने जमीन हलली’ एवढ्यावर भागत नाही. जमिनीत आधीच ताण भरून ठेवलेला असतो. भेगेच्या दोन बाजू एकमेकींना दाबून धरतात, म्हणून सरकत नाहीत. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड ढिली होते. पाण्याने भूकंप घडवला म्हणण्यापेक्षा, व्हायचा तो लवकर करवला, असं म्हणणं जास्त बरोबर.

हे खरं का, ते बघायला शेवटी माणसं खाली उतरली. म्हणजे ड्रिलिंगचा पाता उतरला. २०१६ च्या डिसेंबरात गोठण्याला भोक पाडायला सुरुवात झाली आणि २०१७ च्या जूनपर्यंत ते ३ किलोमीटर खोल गेलं. सुमारे १,२५० मीटर बेसाल्ट, आणि त्याखाली एकदम जुना ग्रॅनाइट. त्याच्या आधीच्या दीड-दीड किलोमीटरच्या भोकांतून दगडाचे लांबलचक दांडके बाहेर काढलेत. त्यांना कोअर म्हणतात. ते लांब पेट्यांत ओळीने ठेवतात, दर पेटीवर खोली लिहिलेली. काळा बेसाल्ट, मध्येच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरं खनिज भरलेलं, आणि मग एका पेटीत अचानक करडा-गुलाबी दगड सुरू. त्या कामासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा तुझ्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर, कराडजवळ हजारमाचीला आहे. चार वर्षं कराडात राहून तू तिथे गेलेली नसशील, पैज लावते. मैत्रिणीला घेऊन जा. आधी पत्र किंवा ईमेल पाठवून परवानगी माग, कॉलेजच्या शिक्के-सहीचं.

हे विज्ञानाचं झालं. धरणाचं काय झालं?

धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. धरणाच्या अंगातच भूकंपाचं त्वरण मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या ०.६३ पट, आडव्या दिशेने ०.४९ जी अशी त्याची नोंद आहे. धरणाचा हिशेब धरला होता ०.०५ भूकंप गुणांकाने. हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत हे तू शिकली असशील, नसशील तर भावाला विचार, त्यालाही बरं वाटेल. तडे गेले ते मागच्या, म्हणजे पाणी नसलेल्या बाजूचा उतार जिथे अचानक बदलतो तिथे. पुढे उंच ब्लॉकना मागून टेकू देऊन जाड केलं. त्या एका नोंदीवर आणि त्या एका तड्यावर जगभरचे धरणवाले अजून हिशेब करतात. अबॅकस नावाच्या सॉफ्टवेअरची उदाहरणांची पुस्तिका उघड. काँक्रीटचं धरण भूकंपात कसं तडकतं, ते दाखवायला त्यांनी घेतलंय ते आपलं कोयना, १०३ मीटर उंचीचं. भाऊ ते रोज वापरत असेल आणि हे उदाहरण ओलांडून पुढे गेला असेल.

इंजिनिअरच्या संशोधनाची गंमत आणि गोची एकाच ठिकाणी असते. त्याला ‘का झालं’ एवढं कळून चालत नाही, उद्या सकाळी काय करायचं तेही सांगावं लागतं, अर्धवट माहितीवर. भूकंपवाला म्हणू शकतो, ‘अजून दहा वर्षं नोंदी घेऊ.’ धरणावरच्या माणसाला तसं म्हणता येत नाही, कारण पुढचा पावसाळा जूनमध्ये यायचाच असतो.

आणि आता ज्याला तुझा भाऊ सर्व्हे म्हणतो ते. १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने एक अहवाल छापला, कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचा. लेखिका इरावती कर्वे आणि जाई निंबकर, आई आणि मुलगी. इरावतीबाईंची कथा तुला मुद्दाम सांगते. १९२८ च्या सुमाराला त्या बर्लिनला गेल्या आणि तिथे त्यांनी पीएचडी केली ती कवट्या मोजून. हो, कवट्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक असतो का, आणि तो वंशाप्रमाणे बदलतो का. त्यांच्या मार्गदर्शकाचा वंशश्रेष्ठत्वावर विश्वास होता. बाईंच्या मोजमापात तसं काही निघालं नाही, आणि निघालं नाही असंच त्यांनी लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, गुण देणाऱ्या माणसाच्या तोंडावर. पुढे त्या पुण्यात आल्या, गुजरातेत लांघणजला उत्खननावर गेल्या, देशभर फिरून नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९५३ मध्ये छापून आला. आणि आयुष्याच्या अखेरीला कोयनेच्या धरणग्रस्तांकडे. १९७० मध्ये त्या गेल्या.

कवट्या मोजणारी बाई घराघरांत जाऊन विचारायला का लागली असेल? मला वाटतं, तिला जे जाणून घ्यायचं होतं ते कॅलिपरने मोजता येत नव्हतं, एवढंच. गाव उठतं तेव्हा घरं उठतात हे सरकारी कागदावर दिसतं. पण सोयरीक कुठल्या गावाशी होती, पैरा कुणाशी घालायचे, तिथे देवाची जत्रा कुणाच्या मानाने चालायची, हे सातबाऱ्यावर नसतं. गाव तीन जिल्ह्यांत वाटलं गेलं की ते सगळं तुटतं. ते मोजायला माणसाजवळच बसावं लागतं. आणि त्या काळात महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा नव्हता, तो आला १९७६ मध्ये. म्हणजे बाई लिहीत होत्या तेव्हा ‘धरणग्रस्ताचं नेमकं काय जातं’ याची धड यादीही कुणाकडे नव्हती.

असलं काम आकड्यांनीही होतं, बरं का. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांचा अभ्यास केला होता, १९४८ मध्ये तो छापला. कालव्याने उसाच्या मालकाला किती मिळालं हे कुणीही मोजेल. त्यांनी मजुराला, व्यापाऱ्याला, आजूबाजूच्या बाजाराला काय मिळालं तेही मोजायचा खटाटोप केला. आणि याच कोयनेच्या जंगलात हल्ली कॅमेरे लावून वाघ-बिबट्यांचा माग काढणारी मुलं आहेत. ती वेगळीच जमात. त्यांच्याबद्दल कधीतरी सवडीने लिहीन, त्यांच्या जळवांच्या गोष्टी मोठ्या आहेत.

म्हणून ‘खरं कुठलं’ हा प्रश्न मी तुला परत देते. त्याच्या जागी दुसरा विचार: तुला वाट कशाची बघायला आवडेल? कारण सगळ्या संशोधनात दिवसाचा मोठा भाग वाट बघण्यात जातो, आणि ती वाट जातीजातीची असते. माझी अठ्ठावीस दिवसांची होती, तारीख ठरलेली, फक्त टाकी भरलेली पाहिजे. भूकंपवाल्यांची बेतारीख असते. यंत्र लावून बसायचं, आणि मोठा धक्का आला नाही तर बरं वाटून घ्यायचं की वाईट, हेही कळत नाही. आणि माणसांत काम करणाऱ्यांची वाट म्हणजे समोरच्याचं तोंड उघडण्याची. पहिल्या भेटीत चहा. दुसऱ्या भेटीत ‘तुम्ही कुणाकडून आलात?’ तिसऱ्या भेटीत, ‘ताई, यातून आमचं काय होणार?’ या प्रश्नाला खरं उत्तर ‘बहुतेक काही नाही’ हे असतं, आणि ते तोंडावर सांगता यायला लागतं. मला ते फार जड गेलं. ठोकळा मला कधी असं विचारत नव्हता.

चुका होण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. माझ्या कामात चूक झाली तर मशीनचा काटा सांगायचा. तुझ्या ६४ घरांत चूक झाली असेल तर कोण सांगणार? तुलाच शोधावी लागेल. म्हणून तुझ्या प्रोजेक्टबद्दल थोडं कडक बोलते.

तू गेलीस ती दुपारी ना? कॉलेजच्या सुट्टीत? म्हणजे घरी बहुतेक सासवा आणि लहान मुलं. शेतावर गेलेल्या सुना, ज्या पहाटे पाणी भरतात, त्या तुला भेटल्याच नसतील. दुसरं, तू त्याच गावची. ‘अमक्याची नात’ म्हणून लोकांनी सांगितलं त्यात काही जास्त असेल, काही राखलेलं. सरपंचांच्या विरोधात तुझ्यासमोर कोण बोलेल? तिसरं, किती वेळ पाणी येतं हे तू विचारलंस, मोजलं नाहीस. आता हे कर: १५ लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घे. दर घरी नळाखाली बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिही, आणि शेजारच्या रकान्यात ते घर काय म्हणालं ते. दोन्ही जुळतील तिथे काही विशेष नाही. जिथे बादली पाऊण मिनिटात भरते आणि घरातली बाई म्हणते ‘पाणी येतच नाही’, तिथे थांब. ती खोटं बोलत नसेल. कदाचित पाणी येतं ते तिच्या कामाच्या वेळेला येत नसेल, कदाचित ते गढूळ असेल, कदाचित जुन्या गावातल्या नदीशी ती तुलना करत असेल. आणि मग पाइपांचं जाळं एपानेटवर, म्हणजे पाइपांतल्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरवर टाक, ते फुकट मिळतं. टाकीपासून शेवटची घरं कुणाची आहेत? उंचावरचे प्लॉट कुणाला मिळाले होते, कधी, कसे? ते प्लॉटवाटप ज्या कागदात आहे तो तहसीलमध्ये मिळतो का बघ. इथे तुझं हायड्रॉलिक्स आणि आजीच्या आठवणी एकाच नकाशावर येतात. भावाला हा नकाशा दाखव, मग म्हणू दे सर्व्हे.

बाबांबद्दल. त्यांची काळजी पोटापाण्याची आहे आणि ती रास्त आहे, तिला नाक मुरडू नकोस. गेट दे, मनापासून दे. त्या एका परीक्षेवर स्ट्रक्चरही मिळतं आणि आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्रातलं तंत्रज्ञान आणि विकास या विषयाचं एम.टेक.ही. ते केंद्र १९८५ पासून आहे, तिथे विद्यार्थ्यांना खेड्यात राहून काम करावं लागतं, आणि महाराष्ट्रातल्या ग्रामीण नळपाणी योजनांवर तिथे बरंच काम झालंय. ते अहवाल आत्ताच वाचायला घे, त्यात तुझं उत्तर निम्मं सापडेल. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. हा आकडा बाबांना जेवताना सांग, पत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पैसे दर महिन्याला वेळेवर येतात असं मात्र सांगू नकोस. माझ्या ओळखीतल्या कित्येकांना चार-पाच महिने उधारीवर काढावे लागलेत.

आणि स्ट्रक्चर घेतलंस तरी मी नाराज होणार नाही. तुला धरणाच्या तड्यात जीव रमतो असं वाटलं तर जा. पण तुझ्या पत्रात मी एक गोष्ट मोजली. काँक्रीट हा शब्द तू एकदाही लिहिला नाहीस, आणि ‘विचारलं’ हा शब्द मात्र आपणहून आलाय.

बादलीचं मोजमाप एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घे, पहाटे. पाऊस सुरू झाला की सगळ्यांच्या नळाला पाणी असतं.

– ताई